बत्तीस अक्षरांचा ग्रंथ

१९७१. न्यू जर्सीतलं मरे हिल, बेल लॅब्स. तुम्ही पेटंट विभागातल्या टायपिस्टच्या पाठीमागे उभे आहात. टेलिटाइप खडखडतोय, कागद वर सरकतोय. पेटंटच्या अर्जात ओळींना क्रमांक लागतात आणि ते काम 'रॉफ' नावाचा प्रोग्राम करतो. थॉम्पसन आणि रिची यांच्या युनिक्स या संगणकप्रणालीला पहिलं खरं गिऱ्हाईक मिळालं ते या कामापायी! वाकून बघा: आय असो की डब्ल्यू, दोघांना जागा सारखीच. एक अक्षर, एक घर, एक बाइट. दोन वर्षांनी पाइप येईल, छोट्या कमांड एकमेकींना जोडता येतील. पण हा हिशेब बदलणार नाही.

आता तीनशे वर्षं मागे चला. फलटण, बाणगंगेचा काठ, महानुभावांचा मठ. पंथाला वंदनीय चक्रपाणी प्रभूंचं हे जन्मगाव. "दंडवत प्रणाम" म्हणा आणि भिंतीशी बसा. पोथीची नक्कल चालली आहे. बोरू काजळाच्या शाईत बुडतो, दौतीच्या काठाला टेकून जादा शाई सोडतो, कागदावर कुरकुरतो. दोन शब्दांत फट नाही. समासाची तांबडी रेघ आली की शब्द तिथेच तुटतो: 'चक्र' वर, 'पाणि' खाली. (युनिक्सची 'फोल्ड' कमांड हेच करते, शब्द न तोडण्याची शिस्त 'एफएमटी'कडे.) एक अक्षर चुकलं. त्यावर पिवळी हरताळ लागली, वाळली, वर नवं अक्षर आलं. शेजारची पोथी उघडलीत तर एक शब्द कळणार नाही. ती सकळ लिपीत आहे, म्हणजे ठरलेल्या अक्षराजागी ठरलेलं दुसरं.

मजकूर किती झाला हे पानांवरून कसं सांगणार? पानं लहानमोठी, हातही वेगवेगळे. म्हणून माप ठरलेलं: बत्तीस अक्षरं म्हणजे एक ग्रंथ. विचारा, "'श्रीचक्रपाणि' म्हणजे किती?"

मान वर न करता उत्तर येतं, "पाच."

आजच्या फलटणमध्ये या. चैत्रातल्या यात्रेची देणगीची यादी आहे. डावीकडे नाव, उजवीकडे रक्कम, साध्या मजकुरात. तुम्ही शेल स्क्रिप्ट उघडता, 'प्रिंटएफ'ला सांगता की नावाला वीस घरं दे. छापून बघता तर रकमांची ओळ नागमोडी. बॅश शेलचा 'प्रिंटएफ' बाइट मोजतो आणि यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, काना-मात्रेलासुद्धा, तीन बाइट लागतात. 'रमा' नऊ बाइटांची, म्हणून तिच्यापुढे अकरा मोकळी घरं. 'श्रीचक्रपाणि' छत्तीस बाइटांचे. वीसची हद्द केव्हाच ओलांडलेली, त्यामुळे रक्कम नावाला चिकटते.

'गॉक' या दुसऱ्या कमांडला विचारा. तो बाइट सोडून चिन्हं मोजतो: बारा. जुन्या पर्लला अक्षरगट मोजायला लावा: सात, कारण 'श्री' आणि 'क्र' त्याच्या लेखी मधोमध मोडतात. मराठी जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडने १५.१ आवृत्तीत आणला, २०२३ साली. नव्या नियमाने मोजलं की पाच. मठातल्या माणसाला हे ठाऊक होतं, पण त्याला फुशारकी मारायची गरज नव्हती.

आणि पाच मिळाले तरी काम भागत नाही. पडद्यावर 'श्री' रुंद, 'च' अरुंद. संख्या जुळली म्हणून रुंदी जुळेलच असं नाही. पोथी लिहिणारा ती डोळ्यानं जुळवायचा, टर्मिनलला तो डोळा नाही.

तेव्हा हट्ट सोडा आणि रकाने उलटे करा. आधी रक्कम, सहा घरांत, उजवीकडे टेकवून. मग दोन मोकळी घरं, मग नाव. आकडे आधी इंग्रजी ठेवा, कारण ते एका बाइटाचे. छापल्यावर 'सेड' कमांडच्या 'वाय'ने त्यांच्या जागी मराठी आकडे घाला, सकळ लिपीतल्यासारखी एकास एक अदलाबदल. ग्नूच्या 'टीआर'कडे जाऊ नका, तोही बाइटच ओळखतो. नाव आता ओळीच्या शेवटी आहे, कितीही लांबू दे.