लिअरच्या मुलींची बाजू

अभिजात नाटकांवर बेतलेल्या कादंबऱ्यांची चर्चा निघाली की ‘मूळ कृतीशी इमान’ हा निकष हमखास पुढे केला जातो. ‘किंग लिअर’चा इतिहास पाहिला तर हा निकष फारसा टिकत नाही, असे आम्हांस वाटते.

शेक्सपिअरचे नाटक हेच मुळात पुनर्कथन आहे. १६०५ साली छापलेल्या, याच राजावरील एका जुन्या नाटकात राजाला राज्य परत मिळते. शेक्सपिअरने त्या कथेत कॉर्डेलियाचा मृत्यू आणला. पुढच्या काळाला तो सोसवला नाही. १६८१ मध्ये नेहम टेटने कॉर्डेलियाला जिवंत ठेवून तिचा एडगरशी विवाह लावला. १८३८ मध्ये मॅक्रेडी मूळ संहितेकडे वळेपर्यंत इंग्रजी रंगभूमीवर प्रामुख्याने टेटचीच आवृत्ती चालली.

या सर्व फेरफारांत थोरल्या दोघी मुली मात्र दुष्टच राहिल्या. जेन स्मायली यांनी ‘अ थाउजंड एकर्स’ (१९९१) या कादंबरीत नेमके इथेच बोट ठेवले. आयोवातील शेतकरी लॅरी कुक आपली जमीन तीन मुलींच्या स्वाधीन करायला निघतो आणि ती कथा सांगते थोरली जिनी, म्हणजेच गॉनरिल. बापाने मुलींवर केलेला लैंगिक अत्याचार उघड होतो, तेव्हा ‘कृतघ्न’ या शब्दाचा अर्थच पालटतो.

नाटकात निवेदक नसतो. ज्याचे दुःख मोठ्याने बोलते, त्याच्याकडे प्रेक्षक झुकतो. कादंबरी निवेदन गप्प राहिलेल्या पात्राच्या हाती देऊ शकते. तरीही स्मायली जिनीचे वकीलपत्र घेत नाहीत: ती सख्ख्या बहिणीला विष घालू पाहते. या मांडणीची किंमतही आहे. बापाच्या मनातले वादळ आपल्याला आता फक्त बाहेरून दिसते. एडवर्ड सेंट ऑबिन यांच्या ‘डनबार’मध्ये (२०१७) सहानुभूती पुन्हा बापाकडे वळते, म्हणजे हा वाद मिटलेला नाही.

शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’वर (१९७०) लिअरची छाया आहे. गणपतराव बेलवलकर सर्वस्व मुलांना वाटून टाकतात आणि आम्ही ते नाटक वर्षानुवर्षे त्यांच्याच डोळ्यांनी शिकवत आलो. स्मायली वाचल्यावर त्यांच्याविषयीची आमची करुणा उणावली नाही. मात्र नलूवर निकाल देण्यापूर्वी विद्यार्थ्यांना आता आम्ही एक प्रश्न विचारतो: ही कथा तिने सांगितली असती, तर कोठून सुरू केली असती?