गिअरबॉक्समधला देवमासा

१/ जुन्या ऑटोमॅटिक मोटारीचा गिअर अडखळू लागला की जाणता मेकॅनिक प्रथम डिपस्टिक बाहेर काढतो. तेल स्वच्छ लाल असेल तर ठीक. काळपट आणि करपट वासाचे असेल तर क्लच-प्लेटा जळाल्या. दुधाळ गुलाबी दिसले तर तेलात पाणी शिरले. या परीक्षेमागे एका सागरी जीवाचा इतिहास आहे. #धागा

२/ १९३९ साली जनरल मोटर्सने ‘हायड्रा-मॅटिक’ जाहीर केला आणि १९४० च्या ओल्ड्समोबिल मोटारींत तो बसवला. मोठ्या संख्येने विकला गेलेला हा पहिला पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या एम५ स्टुअर्ट रणगाड्यांतही तो होता.

३/ अशा गिअरबॉक्सचा जीव तेलात असतो. इंजिनाची शक्ती तेलच पुढे नेते, तेलाच्याच दाबाने क्लच आवळले जातात, उष्णताही तेच वाहून नेते. शिवाय घर्षण अगदी बेताचे हवे. कमी पडले तर प्लेटा घसरून जळतात, जास्त झाले तर प्रत्येक गिअरला धक्का बसतो.

४/ हा तोल साधण्यासाठी त्या काळच्या तेलात स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल मिसळत. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते वस्तुतः द्रवरूप मेण होय. प्रचंड दाब आणि उष्णता यांतही त्याचा गुण टिकून राही.

५/ खनिज तेलाने देवमासे वाचवले, असे आपण वाचतो. घासलेटाने दिव्यांतले व्हेलतेल हटवले, हे खरे. परंतु संशोधकांच्या अंदाजानुसार विसाव्या शतकात साडेसात लाखांच्या आसपास स्पर्म व्हेल मारले गेले. आधीच्या दोन शतकांतील संख्या सुमारे तीन लाख होती.

६/ १९७० साली अमेरिकेने स्पर्म व्हेलला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातले. १९७३ चा कायदा त्याहून कठोर ठरला. व्हेलतेलाची आयात थांबली आणि रसायनतज्ज्ञांना नवे मिश्रण शोधावे लागले.

७/ संक्रमण सोपे नव्हते. गिअरबॉक्सचे तेल थंड होण्यासाठी रेडिएटरमधल्या कूलरमधून फिरते. सत्तरच्या दशकातील एका नव्या मिश्रणाने या कूलरचे सांधे गंजू लागले. रेडिएटरचे पाणी तेलात उतरले, तेल दुधाळ गुलाबी झाले, प्लेटांवरचे अस्तर सुटू लागले. अखेर मिश्रण पुन्हा सुधारावे लागले.

८/ म्हणून जुन्या मोटारीचे निदान सालापासून सुरू होते. त्या वर्षी उत्पादकाने कोणते तेल सांगितले होते? फोर्डच्या टाइप-एफ तेलात घर्षण मऊ करणारे द्रव्य नसे, तर जनरल मोटर्सच्या डेक्सरॉनमध्ये असे. टाइप-एफसाठी घडवलेल्या गिअरबॉक्समध्ये डेक्सरॉन ओतले तर क्लच घसरतात आणि दोष मात्र गिअरवर येतो.

९/ क्रम असा: आधी तेलाची जात, मग पातळी, रंग आणि वास, मग गेजवर तेलाचा दाब. गिअरबॉक्स उघडायचा तो सर्वांत शेवटी. कित्येक गिअरबॉक्स केवळ हा क्रम चुकल्यामुळे विनाकारण उघडले जातात.

१०/ व्यापारी व्हेलशिकारीवरील जागतिक स्थगिती १९८६ साली अमलात आली. अमेरिकेतील बंदी त्याआधी कित्येक वर्षांची. त्या बंदीची किंमत मोटारमालकांनी गॅरेजमध्ये मोजली. स्पर्म व्हेल मात्र आजही समुद्रात आहे.