केसकर, सिलोन आणि झिजलेला बँड स्विच

व्हॉल्व्हचा जुना रेडिओ दुरुस्त करताना मी आधी बँड स्विच पाहतो. मीडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्ह बदलणारं ते फिरतं बटण. बहुतेक वेळा खरखर तिथंच असते, आणि ते इतकं का झिजलं यामागे इतिहास आहे.

१९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. आपला पुण्याचा माणूस, शास्त्रीय संगीताचा कट्टर पुरस्कर्ता. त्यांचं धोरण आणि चित्रपट निर्मात्यांशी झालेला वाद, यांतून ऑल इंडिया रेडिओवरची सिनेमाची गाणी जवळजवळ बंद पडली. मग श्रोते गेले कुठे? कोलंबोला! महायुद्धात माउंटबॅटन यांच्या कमांडनं सैनिकांसाठी तिथं रेडिओ केंद्र काढलं होतं. पुढे ते सिलोन सरकारकडे गेलं आणि त्याचे लघुलहरींवरचे कार्यक्रम भारतभर ऐकू येऊ लागले. फौजींसाठी उभारलेल्या यंत्रणेवर सारा देश बुधवारी अमीन सायानींची गीतमाला ऐकत होता, याची मला फौजी म्हणून फार गंमत वाटते. बातम्यांना मीडियम वेव्ह, गाण्यांना शॉर्ट वेव्ह. ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती आली, पण तोवर बोटांना सवय लागली होती. स्विच झिजला तो या ये-जा करण्यानं, असा माझा तर्क आहे.

आता सफाई. आधी प्लग काढा. कंडेन्सरमध्ये विजेचा भार उरतो आणि तो जीवघेणा असतो. म्हणून तो रेझिस्टरमधून उतरवा, मीटरनं खात्री करा. हे जमत नसेल तर जाणकाराकडेच द्या.

संपर्कपट्ट्यांवर चांदीचा मुलामा असतो. त्यावरचा काळा थर म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. पॉलिश पेपर अजिबात लावू नका, मुलामाच निघून जाईल. मऊ ब्रशनं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा आणि बटण पंचवीसेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. स्विच स्वतःच स्वतःला घासतो. ग्रीस फक्त दांड्याला आणि खटका देणाऱ्या गोळीला, तेही काडीच्या टोकावर मावेल एवढंच.

डब्ल्यूडी-४० फवारू का, असं हमखास विचारलं जातं. ते १९५३ साली अमेरिकेत अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला ओलावा लागू नये म्हणून तयार झालं. क्षेपणास्त्राला चालेल, स्विचमध्ये मात्र त्याचा तेलकट थर मागे राहतो, त्यावर धूळ बसते.

सफाई झाली की पूर्ण वाळू द्या, मगच प्लग लावा.