पोथीतील पाठ आणि पेशीतील पाठ

वडोदऱ्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ ह्या काळात वाल्मीकिरामायणाची चिकित्सित आवृत्ती सात खंडांत प्रसिद्ध केली. हस्तलिखिते ताडून पाहावयाची, नकलकारांचे प्रमाद हेरावयाचे, प्रक्षिप्त भाग बाजूस सारावयाचा आणि मग पाठ निश्चित करावयाचा, असे ते काम. पाठशुद्धीचे असेच कार्य सजीवांच्या पेशींत अहोरात्र चालते. मात्र तेथील प्रमादाची किंमत देहाला मोजावी लागते.

पेशीतील मूळ ग्रंथ डी.एन.ए.; आर.एन.ए. ही त्याची नक्कल. ह्या नकलेत अर्थवाही मजकुराच्या मधूनमधून प्रक्षिप्तासारखे भाग आढळतात, हे १९७७ साली रिचर्ड रॉबर्ट्‌स व फिलिप शार्प यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, दाखवून दिले. ते भाग वगळून उरलेले तुकडे सांधल्यावाचून संदेश पुरा होत नाही. कापावयाची जागा यू-१ नावाचा आर.एन.ए.युक्त घटक प्रथम हेरतो. तो दूर झाल्यावर यू-६ हा दुसरा घटक तीच जागा पुन्हा पडताळतो.

एवढी दक्षता असूनही मूळ ग्रंथातच अक्षर चुकले असेल, तर उपाय चालत नाही. हिमोग्लोबिनाच्या बीटा साखळीच्या जनुकात पहिल्या वर्ज्य भागाचे पाचवे अक्षर बदलले, की बरेचसे सांधे भलत्याच ठिकाणी बसतात. भारतात बीटा थॅलेसेमियाच्या मुळाशी सर्वाधिक आढळणारा दोष तो हाच. मातापिता दोघेही वाहक असले, तर निरोगी दिसत असूनही त्यांच्या प्रत्येक अपत्यास व्याधीचा संभव चारांत एक असतो. आणि तीव्र व्याधी जडलेल्या बालकास दर काही आठवड्यांनी परक्याचे रक्त घ्यावे लागते.

सांधलेला संदेश पुढे रायबोसोम वाचतो. तेथील पडताळणीचा उलगडा करणारे व्यंकटरामन रामकृष्णन वडोदऱ्यातच वाढले. त्यांचे वडील महाराजा सयाजीराव विद्यापीठात जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख होते. त्याच विद्यापीठातून रामकृष्णन १९७१ मध्ये पदार्थविज्ञानाचे पदवीधर झाले. अमेरिकेत त्याच विषयाची डॉक्टरेट मिळवूनही त्यांनी जीवशास्त्राचा अभ्यास नव्याने आरंभिला. २००० साली केंब्रिज येथे त्यांच्या गटाने जिवाणूंच्या रायबोसोमच्या लहान खंडाची सूक्ष्म रचना प्रसिद्ध केली. संदेशाच्या अक्षरांशी योग्य जोडी जुळली की नाही, हे रायबोसोम जणू चाचपून पाहतो, असे त्या अभ्यासातून स्पष्ट झाले. २००९ मध्ये टॉमस स्टाइट्‌झ व एडा योनाथ यांच्यासह त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले.

ग्रंथातील अपपाठ पुढील आवृत्तीत सुधारता येतो. रक्तातील अपपाठ मात्र पिढीकडून पिढीकडे जातो. विवाहापूर्वी किंवा गरोदरपणाच्या आरंभी रक्त तपासून तो वेळीच वाचून ठेवावा, यातच शहाणपण आहे.