लोकगायिका आणि तिचे नाव : महाराष्ट्रातील स्त्रियांच्या लोकसंगीताच्या इतिहासलेखनातील एक प्रश्न

प्रस्तावना :

एम. फिल. च्या लघुप्रबंधासाठी मंगरूळपीर तालुक्यातील काही खेड्यांतून मी भुलाबाईची व जात्यावरची गाणी गोळा केली होती. त्या वेळच्या वह्या अलीकडे पुन्हा चाळताना एक गोष्ट लक्षात आली आणि तिनेच प्रस्तुत निबंधाला जन्म दिला. प्रत्येक गाण्याखाली गावाचे नाव आहे, तारीख आहे, गाणारीची जात आहे, अंदाजे वय आहे. नाव मात्र नाही. 'वृद्ध स्त्री, वय ७० च्या आसपास' एवढ्या नोंदीवर माझे काम भागले होते. परीक्षकांनाही त्यात काही खटकले नाही. लोकगीत हे समूहाचे असते, त्याला कर्ता नसतो, हे गृहीतक आम्हा सर्वांच्या अंगवळणी पडलेले होते.

कर्ता नसतो हे एक वेळ मान्य करू. परंतु गाणारी तर असते. गाणे तिने कोणाकडून उचलले, त्यात काय घातले, काय गाळले, कोणत्या प्रसंगी ते म्हटले, हा सारा इतिहास तिच्याजवळ असतो. महाराष्ट्रात लोकसंगीत गाणाऱ्या स्त्रियांची नावे कोठे टिकली, कोठे पुसली गेली आणि जेथे टिकली तेथे त्यांची काय किंमत द्यावी लागली, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

घरातील गाणे :

वऱ्हाडात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई बसते. मातीच्या भुलाबाई-भुलोजीची जोडी म्हणजे पार्वती आणि शंकर. संध्याकाळी मुली घरोघर जातात, टिपऱ्यांच्या तालावर गाणी म्हणतात आणि शेवटी डबा हलवून खिरापत ओळखण्याचा खेळ होतो. कोजागरीला ज्वारीच्या धांड्यांचे मखर करतात. पश्चिम महाराष्ट्रात हस्त नक्षत्राच्या सुमारास होणाऱ्या भोंडल्याशी अथवा हादग्याशी हिचे नाते उघड आहे. मात्र तेथे मध्यभागी हत्ती आणि येथे संसार मांडून बसलेले जोडपे, हा फरक केवळ सजावटीचा नव्हे. भुलाबाईच्या गाण्यात सासर-माहेरचा झगडा इतका ठाशीव आहे की, लहान मुलींच्या तोंडी ही गाणी का दिली गेली असावीत याचा विचार मनात आल्याखेरीज राहत नाही.

मंगरूळपीरच्या परिसरात गाणे एका समाजापुरते मर्यादित नाही. गावाच्या नावातील 'पीर' दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्याची आठवण देतो. शेजारच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आहे. तांड्यांवर होळीला लेंगी आणि श्रावणात कुमारिकांची तीज यांच्या निमित्ताने स्त्रिया गातात. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला; त्यापूर्वीच्या जिल्हा गॅझेटियरमध्ये या मुलखातील यात्रा, पिके आणि जाती यांना भरपूर जागा आहे. गाणाऱ्या बाया मात्र तेथे अनेकवचनातच भेटतात.

हे अनेकवचन मराठी लोकसाहित्याच्या अभ्यासातही रुळले. कमलाबाई देशपांडे यांनी स्त्रीगीतांवरील आपल्या ग्रंथाला 'अपौरुषेय वाङ्मय' असे नाव दिले. शीर्षकातील श्लेष मार्मिक आहे. वेद अपौरुषेय, म्हणजे कोणा मनुष्याने न रचलेले. आणि ही गीतेही अपौरुषेय, कारण ती पुरुषांची नव्हेत. वेदांच्या पंक्तीला बसवून त्यांनी स्त्रीगीताला जी प्रतिष्ठा दिली, ती त्या काळी आवश्यकच होती. तथापि त्याच शब्दाची दुसरी बाजू अशी की, वेदांप्रमाणे येथेही रचणारा हात अदृश्य होतो. पुढच्या अभ्यासकांनी पहिली बाजू विसरून दुसरीच अधिक गिरवली, असे मला वाटते.

बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांचे उदाहरण येथे बोलके ठरते. असोद्याची ही शेतकरी स्त्री घरात आणि शेतात काम करता करता ओव्या रचीत होती. तिचे पुत्र सोपानदेव स्वतः कवी होते. घरातील माणसांनी ओव्या लिहून ठेवल्या आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्या पुस्तकरूपाने आल्या. बहिणाबाईंची प्रतिभा असामान्य होती यात शंका नाही. परंतु खानदेश-वऱ्हाडात अशी दुसरी प्रतिभावंत स्त्री झालीच नाही, असे म्हणण्यास कोणता आधार आहे? इतर घरांत लिहून घेणारा मुलगा नव्हता, एवढेच फार तर म्हणता येईल.

हे चित्र बदलण्याचा मोठा प्रयत्न हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी केला. १९८० च्या दशकापासून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमविल्या. त्यांच्या संग्रहात ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव नोंदलेले आहे. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांतील अनेक गायिकांचे ध्वनिमुद्रण केले. परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे आणि माजलगावच्या भीमनगरातील राधाबाई बोऱ्हाडे यांचे आवाज १९९६ साली असेच टिपले गेले. राधाबाईंच्या ओव्यांत बाबासाहेब आंबेडकर येतात, म्हणजे 'पारंपरिक' जात्यावर विसाव्या शतकाचा इतिहासही दळला जात होता. नाव नोंदल्यामुळेच हे कळले. निनावी संग्रहात ती ओवी 'दलित स्त्रियांत प्रचलित' एवढ्यावरच थांबली असती. २०१७ पासून हा संग्रह 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहालयामार्फत सर्वांसाठी खुला होत गेला. पिठाच्या गिरणीने जाते बंद केल्यानंतर हा आवाज तेवढा उरला आहे.

जगात अन्यत्रही हाच प्रश्न उभा राहिला होता. ऑस्ट्रेलियात 'बुश' म्हणजे शहराबाहेरचा विरळ वस्तीचा रानमुलूख. तेथील लोकगीत म्हटले की मेंढ्यांची लोकर कातरणारे, गुरे हाकणारे आणि दरोडेखोर, असे सारे पुरुषच डोळ्यांसमोर येतात. परंतु १९५० च्या दशकात जॉन मेरेडिथ हे संग्राहक न्यू साउथ वेल्समध्ये ध्वनिमुद्रण करीत फिरू लागले, तेव्हा त्यांना लाभलेल्या सर्वांत समृद्ध गायकांपैकी एक होती सॅली स्लोन ही स्त्री. तिची गाणी आई-आजीकडून आलेली होती आणि ती वाद्येही वाजवीत असे. मेरेडिथ यांनी तिचे नाव गाण्याबरोबर नोंदले, म्हणूनच रानातल्या पुरुषांच्या समजल्या जाणाऱ्या त्या परंपरेत आज तिला स्थान आहे.

फडावरील गाणे :

घरातल्या गाण्याला नाव नव्हते, तर फडावरच्या स्त्रीला नावाशिवाय दुसरे काहीच नव्हते. विदर्भातील दंडार आणि खडी गंमत या प्रकारांत दीर्घकाळ स्त्रीवेष पुरुषच घेत. पश्चिम महाराष्ट्राच्या तमाशातही 'नाच्या पोऱ्या' हीच प्रथा होती. ती मोडून स्त्री उभी राहिली ती पवळाबाईंच्या रूपाने, असे तमाशाचा इतिहास मानतो. संगमनेर तालुक्यातील हिवरगावची ही महार समाजातील कलावंत पठ्ठे बापूरावांच्या (१८६६-१९४५) फडात आली आणि दोघांचे नाव एकत्र गाजले. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हा ब्राह्मण 'पठ्ठे बापूराव' झाला, याची कथा मराठीत पुष्कळदा सांगितली गेली. तीत पवळा बहुधा त्याच्या अधःपतनाचे अथवा प्रेरणेचे कारण म्हणून येते. स्वतंत्र कलावंत म्हणून क्वचितच.

पुढील पिढीतील नावे पाहावीत : विठाबाई नारायणगावकर, कांताबाई सातारकर, यमुनाबाई वाईकर, सत्यभामाबाई पंढरपूरकर, कौसल्याबाई कोपरगावकर. महाराष्ट्राचा नकाशाच जणू या आडनावांत मांडला आहे. ज्या गावांनी या स्त्रियांना आपल्या आळीत घर देताना दहा वेळा विचार केला असता, त्या गावांचे नाव त्यांनी आयुष्यभर मिरविले. आडनावाच्या जागी गाव येते, कारण कुळाचे नाव सांगणे कुळालाच नको असते, असा एक अर्थ मला यात दिसतो.

विठाबाई (१९३५-२००२) यांच्या फडाचे नाव अधिक बारकाईने वाचण्याजोगे आहे : 'विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर'. यात पित्याचे नाव आहे, जातीचे नाव आहे, गावाचे नाव आहे, पतीचे नाही. भाऊ-बापूंच्या फडाचा वारसा त्या चालवीत होत्या आणि फडाची मालकी हाच त्या नावाचा आधार होता. ज्या काळात सुशिक्षित घरांतील स्त्री लग्नानंतर दाराच्या पाटीवरूनही नाहीशी होत होती, त्या काळात ही स्त्री गावोगावच्या भिंतींवर ठळक अक्षरांत स्वतःच्या नावाने झळकत होती. मात्र अखेरची वर्षे त्यांनी विपन्नावस्थेत काढली. त्यांच्या मृत्यूनंतर २००६ पासून राज्य शासनाने त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. नाव अमर झाले. नावाची धनीण उपचारांच्या खर्चाच्या चिंतेत गेली. कांताबाई सातारकर (१९३९-२०२१) यांनीही पती तुकाराम खेडकर यांच्या निधनानंतर स्वतःचा फड उभा केला. त्यांचे निधन करोनाच्या साथीत झाले, यात्रा बंद आणि राहुट्या ओस पडलेल्या असताना.

या नावाची किंमत पुढच्या पिढीनेही मोजली. डॉ. किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' हे आत्मकथन १९९४ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या नावात मध्ये वडिलांऐवजी आई आहे. शाळेपासून वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत 'बापाचे नाव काय?' या एका प्रश्नाने त्यांचा पिच्छा पुरविला. तमाशातील स्त्रीचे नाव जाहिरातीवर चालते, शाळेच्या दाखल्यावर चालत नाही, हे मराठी समाजाला त्या पुस्तकाने ऐकविले.

लावणीने मात्र एक पळवाट काढली. सुलोचना चव्हाण (१९३३-२०२२) यांनी डोक्यावर पदर घेऊन लावण्या गायिल्या आणि त्या मध्यमवर्गाच्या घराघरांत पोहोचल्या. त्यांच्या गायकीचे श्रेष्ठत्व निर्विवाद आहे. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तथापि येथे आवाज देहापासून वेगळा करण्यात आला होता. ध्वनिमुद्रिकेतील लावणी दिवाणखान्यात आली, फडावरची बाहेरच राहिली. यमुनाबाई वाईकर (१९१५-२०१८) यांनी बैठकीची लावणी अदेसह जपली. त्यांनाही २०१२ साली पद्मश्री मिळाली, पण तोवर त्या शहाण्णव वर्षांच्या झाल्या होत्या.

शर्मिला रेगे यांनी लावणी कलावंतांच्या श्रमाचा आणि जातीचा प्रश्न मांडला. त्यानंतर शैलजा पाईक यांचा तमाशातील दलित स्त्रियांवरील ग्रंथ २०२२ मध्ये आला. दोघींच्या लेखनामुळे 'लोककला' या गोड शब्दाआड कोण राबत होते, हे दिसू लागले. त्यांचे विवेचन मुख्यतः पश्चिम महाराष्ट्राभोवती फिरते. हा त्यांचा दोष नव्हे. स्वातंत्र्यानंतर लगेच मुंबई सरकारने तमाशावर घातलेली बंदी, मग सुधारणा समिती, संहितांची तपासणी, हे सारे त्या प्रांताचे प्रकरण. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होते आणि १९५६ मध्ये ते मुंबई राज्यात आले. येथील गाणाऱ्या स्त्रिया सरकारी कागदांत गुन्हेगार म्हणूनही आल्या नाहीत.

वहीकडे परत :

तेव्हा वऱ्हाडातील लोकगायिकेचा इतिहास लिहावयाचा तर तोंडी साधनांखेरीज गत्यंतर नाही. गतवर्षी भुलाबाईच्या दिवसांत मी त्या जुन्या वह्या घेऊन पुन्हा त्याच खेड्यांत गेले. बारा गायिकांपैकी चौघींचाच माग लागला. उरलेल्यांपैकी काही वारल्या होत्या आणि काहींना, मी केलेल्या नोंदीवरून, ओळखणेच अशक्य होते. 'सत्तर वर्षांची म्हातारी' त्या गावात तेव्हा एकच थोडी होती!

चौघींपैकी एकीने माझ्या वहीतील गाणे ऐकून आधी दोन ठिकाणी चूक काढली. मग मी तिला नाव विचारले. ती हसून म्हणाली, "कोन्तं सांगू बाई, माहेरचं का सासरचं?" लग्नात नाव बदलले होते. गाणे माहेरच्या नावाच्या मुलीने आईकडून शिकलेले होते आणि आज ते सासरच्या नावाची बाई म्हणत होती. विठाबाईंच्या फलकावर जो प्रश्न सुटलेला दिसतो, तो येथे अंगणात तसाच उभा होता. नोंदीच्या तक्त्यात मी आता नावासाठी दोन रकाने केले आहेत. तिने दोन्ही सांगितली. माहेरचे नाव सांगताना ती क्षणभर थांबली. बऱ्याच वर्षांत त्या नावाने कोणी हाक मारली नव्हती, असे तिच्या सुनेने मागाहून सांगितले.