सर्व्हर-समूहातील माहितीनाश चाचणी
अनेक सर्व्हर एकदम बंद पडल्यास साठवलेली माहिती टिकते का, हे तपासण्याची पद्धत. सोनईच्या (ता. नेवासे) बँकशाखेत भरलेल्या रकमेची नोंद शाखेत नव्हे, दूरच्या डेटा सेंटरमध्ये राहते. वितरित प्रणालीत अशा माहितीच्या साधारणतः तीन प्रती वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवतात. तेवढ्यावर निर्धास्त राहणे मात्र भाबडेपणाचे. प्रती वाटेल तशा विखुरलेल्या ५,००० सर्व्हरच्या समूहात १ टक्का सर्व्हर एकाच वेळी गेले, तरी काहीतरी गमावणे जवळपास अटळ असते, असे स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले. मुंबईत १२ ऑक्टोबर २०२० रोजी झाला तसा वीजखंड हे एकत्रित बिघाडाचे नेहमीचे निमित्त.

चाचणीत क्रमांकित नोंदी सतत लिहितात, ‘जमा झाली’ अशी पोच मिळालेले क्रमांक बाहेर टिपतात, मग निवडक सर्व्हर पाडतात. पुन्हा सुरू केल्यावर पोच आहे पण नोंद नाही, तो माहितीनाश. नुसता प्रोग्रॅम बंद करणे पुरत नाही. डिस्कवर न उतरलेला मजकूर ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमरीत शाबूत राहतो आणि निकाल खोटा चांगला येतो. वीजच तोडावी लागते.

अशा बिघाडांच्या तयारीसाठी रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या निर्देशांनुसार व्यापारी बँकांना महत्त्वाच्या प्रणालींचा आपत्ती-सराव किमान सहामाही करावा लागतो.