स्लॉटला मिळालेला पत्ता

ब्लेड सर्व्हरचा इतिहास बहुधा जागेच्या हिशोबाने सांगितला जातो. मे २००१ मध्ये टेक्सासमधल्या आरएलएक्स टेक्नॉलॉजीजने ‘सिस्टम ३२४’ बाजारात आणली. तीन यू (‘यू’ हे रॅकमधल्या उंचीचे एकक) उंचीच्या पेटीत चोवीस सर्व्हर, आणि आत ट्रान्समेटाचे कमी वीज खाणारे क्रुसो प्रोसेसर. पुढच्याच वर्षी आयबीएमचे ब्लेडसेंटर आले. त्यात सात यू उंचीत चौदा ब्लेड बसत, आणि वीजपुरवठा, पंखे, नेटवर्क स्विच सगळे सामाईक होते. जागा वाचली हे खरेच. पण माझ्या मते या यंत्रांनी घडवलेला मोठा बदल ओळखीबाबतचा आहे. तोवर नेटवर्कमधला पत्ता यंत्राचा असे. ब्लेडच्या काळात तो हळूहळू यंत्र ज्या स्लॉटमध्ये बसते त्या जागेचा झाला. हे स्थित्यंतर सर्वांत स्पष्ट दिसते ते कमांड लाइनवर.

१९८३ च्या ४.२ बीएसडीमध्ये आलेली ‘इफकॉन्फिग’ ही कमांड ज्या यंत्रावर टाइप केली जाई, त्याच यंत्राचा पत्ता ठरवी. कोणते यंत्र, हे सांगायची गरजच नव्हती. आयबीएमने ब्लेडसेंटरच्या मॅनेजमेंट मॉड्यूलसाठी, म्हणजे पेटीचा कारभार पाहणाऱ्या भागासाठी, हेच नाव घेतले, पण सोबत लक्ष्य सांगण्याची सोय जोडली. आता माणूस मॅनेजमेंट मॉड्यूलवर लॉगिन करून पहिल्या खाचेतल्या स्विचचा पत्ता बदलू शकत होता, किंवा ‘कन्सोल’ कमांडने तिसऱ्या स्लॉटमधल्या ब्लेडच्या पडद्यावर जाऊ शकत होता. कमांडमध्ये यंत्राचे नाव किंवा अनुक्रमांक लागत नव्हता, फक्त स्लॉटचा आकडा लागत होता. बिघडलेले ब्लेड उपसून दुसरे बसवले तरी त्या ओळीतले एक अक्षरही बदलत नसे.

यावर पहिला आक्षेप असा की, हे सारे ब्राउझरमधूनही करता येत होते, मग श्रेय कमांड लाइनला कशासाठी? एका पेटीपुरता हा आक्षेप मान्य करायला हवा. पण ब्लेडसेंटरचे जेएस२० हे पॉवरपीसी ब्लेड पाहा. त्याला मॉनिटर-कीबोर्डची सोय नव्हतीच. त्याचा कन्सोल ‘सिरियल ओव्हर लॅन’ने, म्हणजे पेटीतल्या स्विचमधून मॅनेजमेंट मॉड्यूलपर्यंत मजकुराच्या रूपात येई. त्यामुळे क्रमच उलटला. पूर्वी सर्व्हरसमोर बसून नेटवर्क जुळवत. इथे स्विच नीट जुळवल्याशिवाय सर्व्हर दिसायचाच नाही. बार्सिलोनातल्या तोर्रे गिरोना चॅपेलमध्ये २००४ पासून उभ्या राहिलेल्या मारेनॉस्ट्रम महासंगणकात हीच ब्लेड पुढे दोन हजारांहून अधिक होती. म्हणजे दीडशेच्या वर पेट्या. इतक्या पेट्या माऊसने एकेक जुळवणे म्हणजे चुकांना आमंत्रणच. कमांडच्या ओळी मात्र एकदा तपासून, आकडे बदलत पुन्हा वापरता येतात. कारखान्यातून निघताना प्रत्येक मॅनेजमेंट मॉड्यूलचा ठरावीक पत्ता १९२.१६८.७०.१२५ असे. लॉगिनचे नाव आणि पासवर्डही सगळीकडे तेच असत. त्यामुळे ओळी आधीच लिहून ठेवता येत. ही सोय होती आणि तितकाच मोठा धोकाही, कारण तो पासवर्ड छापील पुस्तिकेत कुणालाही वाचता येत होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जागेला क्रमांक देण्याची पद्धत टेलिफोन एक्स्चेंजमध्ये फार जुनी, आणि राउटरचे पोर्टही स्लॉटच्या आकड्यानेच ओळखले जात. बरोबर. पण तिथे आकडा तारेच्या एका टोकाला होता. दुसऱ्या टोकाचा संगणक आपली ओळख स्वतःजवळ बाळगून होता. ब्लेडने ती ओळख त्याच्याकडून काढून घेतली, अर्थात एका दमात नव्हे. ब्लेडसेंटरमध्ये ऑपरेटिंग सिस्टीमचा आयपी आणि नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता ब्लेडकडेच राहिला होता. एचपीने २००६ मध्ये दहा यू उंचीची, सोळा अर्ध्या उंचीच्या ब्लेडची सी७००० पेटी आणली. तिच्या ऑनबोर्ड अ‍ॅडमिनिस्ट्रेटरवर ‘ईबीआयपीए’ कमांड देऊन प्रत्येक बेला, म्हणजे स्लॉटलाच, आयपी नेमून देता येई. तिथे बसलेल्या ब्लेडचा व्यवस्थापन प्रोसेसर तो पत्ता घेई. मग एचपीच्याच व्हर्च्युअल कनेक्टने मॅक पत्त्यालाही हात घातला. कार्डावर कारखान्यात कोरलेला पत्ता बाजूला सारून स्लॉटशी जोडलेल्या प्रोफाइलमधला पत्ता वापरला जाऊ लागला. ब्लेड बदलले तरी बाहेरच्या स्विचला त्याचा पत्ता लागत नसे.

पुढे स्लॉटचा हक्कही टिकला नाही. २००९ मध्ये आलेल्या सिस्कोच्या यूसीएसमध्ये सगळी ओळख ‘सर्व्हिस प्रोफाइल’ नावाच्या नोंदीत गेली. ती नोंद एका ब्लेडवरून सोडवून दुसऱ्या पेटीतल्या ब्लेडला जोडता येते. तिथल्या कमांड लाइनवर टाइप केलेला बदल लगेच लागू होत नाही. ‘कमिट-बफर’ म्हणेपर्यंत तो थांबून राहतो. इफकॉन्फिगची ओळ एंटर दाबताच चालत्या यंत्रावर उतरत असे. इथे ती आधी नोंदीत उतरते आणि यंत्र त्या नोंदीबरहुकूम घडवले जाते.